लोहाराचा अर्धा रुबल

दौंडच्या लोको शेडमधले फिटर म्हाळू भालेराव रविवारी सुट्टी असली की धुवट शर्ट घालून शिरूरची एसटी पकडायचे. रेल्वे कॉलनीतल्या शेजाऱ्यांना वाटायचं, लेक दिलीय शिरूरला, तिच्याकडं जात असतील. बायको रंभा मात्र सरळ सांगायची, "लेकीकडं घटकाभर टेकत्यात. बाकी सगळा दिस रशियाची नाणी बघत्यात."

हा नाद लागला एकाहत्तर साली. मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धातलं. बाविसाव्या वर्षी म्हाळू फौजेत ट्रक चालवत होते आणि त्यांची तुकडी इराणातून रशियाला माल पोचवत होती. एका घाटात बर्फ पडून वाट बंद झाली, गाड्या तीन दिवस अडकून पडल्या. पुढच्या ट्रकवर ग्रीशा नावाचा रशियन ड्रायव्हर होता. त्याच्याजवळ एकच मग. तो घोटभर चहा घेऊन तो म्हाळूंच्या हातात द्यायचा आणि पुन्हा तोच मग तोंडाला लावायचा. गावात म्हाळूंना कुणी वरून ओंजळीत ओतल्याशिवाय पाणी पाजलं नव्हतं. पहिल्यांदा मग हातात आला तेव्हा ते नुसतेच धरून बसले. ग्रीशाला वाटलं, चहा गोड लागत नसेल. त्यानं खिशातून साखरेचा खडा काढून त्यात टाकला.

वाट मोकळी झाली त्या सकाळी ग्रीशानं त्यांना चांदीचं एक नाणं दिलं. त्यावर ऐरणीवर घण घालणारा लोहार होता आणि त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत ग्रीशानं खिळ्यानं बारीक अक्षरं कोरली होती. काय लिहिलंय म्हणून म्हाळूंनी खुणेनं विचारलं. ग्रीशा हसला, पाठीवर थाप मारली आणि गाडीत चढला. पुन्हा काही भेट झाली नाही.

लढाई संपली. लोको शेडची नोकरी, लग्न, पोरंबाळं झाली. छप्पन साली घरादारानं बौद्ध धम्म घेतला. नाणं ट्रंकेत होतंच. एकाहत्तरात लेकीच्या सासरी गेले असताना त्यांनी ते शिरूरच्या एका सोनाराला दाखवलं. सोनार म्हणाला, चांदी खरी आहे, पण अक्षरांचं आनंदरावांना विचारा.

आनंदराव म्हणजे शाळेतले चित्रकलेचे गुरुजी. त्यांना देशोदेशीची नाणी जमवायचा छंद. त्यांनी म्हाळूंना आत खुर्चीवर बसवलं, भिंग काढलं आणि पहिलीच सूचना केली, "मधे बोट लावू नका. कडेनं धरा."

त्यांच्याकडून म्हाळू नाण्याची प्रत ठरवायला शिकले. हा अर्धा रुबल, एकोणीसशे चोवीसचा. असली नाणी सत्तावीसपर्यंत निघाली. लोहाराचं जे अंग उठून आलंय, छाती, मांडी, ते आधी झिजतं. त्याच्या कपड्याच्या चुण्या दिसल्या तर पहिली प्रत, पुसट झाल्या तर दुसरी, तोंडच हरवलं तर तिसरी. काळवंडलेलं नाणं चालतं, घासून चकचकीत केलेलं नाही. फिटरचा हात आणि फिटरची नजर. म्हाळू महिन्याभरात तयार झाले. पण गुरुजींनी वहीत त्यांच्या नाण्यापुढं लिहिलं, 'तिसरी प्रत. चरे.'

"गुरुजी, चरे न्हाईत ते. लिवल्यालं हाय."

"मला कळतंय म्हाळूराव. पण लागत नाही. माझ्या पुस्तकात छापील अक्षरं आहेत, हे हातचं वळण निराळं आहे."

"पत्ता असंल त्याचा. गावाचं नाव तरी असंलच की."

"असेलही. पण प्रत ठरवताना चरा तो चराच."

तेव्हापासून म्हाळू इराणात जाऊन आलेल्या जुन्या फौजींची घरं धुंडाळू लागले. कुणाकडं तशीच अक्षरं कोरलेलं नाणं निघेल, कुणाला ग्रीशाच्या तुकडीचं काही ठाऊक असेल. चार वर्षांत सात नाणी जमली. न्हावऱ्याच्या साखरबाईच्या गळ्यात आणखी एक होतं, मण्यांच्या माळेत, वर कडी डागलेली. दर सणाला चिंचेनं घासून तिनं लोहार पार गुळगुळीत केला होता. नवरा लढाईहून परतला नव्हता. म्हाळूंनी ते नुसतं पाहिलं, विकत मागितलं नाही.

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात शेडमध्ये बोलवा झाली, मनमाडकडून आलेल्या गाडीत रशियन बसलेत, नाशिककडच्या कारखान्यातले. दौंडला इंजिन बदलायचं, गाडी थांबणार. नाणं शर्टाच्या खिशात होतं. म्हाळू हातातला पाना टाकून, जुटानं हात पुसत फलाटावर धावले. खिडकीशी पन्नाशीचा एक इंजिनियर होता, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा.

"साब, ये जरा पढो."

त्यानं नाणं उजेडाकडं कलतं केलं. "मालू," तो म्हणाला. "ये हमारा शब्द नहीं है."

म्हाळूंना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "वो मैं है, साब. म्हाळू. मेरा नाम है. दुसरा कुछ? गाव? पत्ता?"

"बस, इतना ही. किसने लिखा?"

"ग्रीशा. व्होल्गा, व्होल्गा बोलता था."

"ग्रीशा कौन? आगे का नाम?"

ते म्हाळूंनी कधी विचारलंच नव्हतं. इंजिनियर हळूच म्हणाला, व्होल्गा फार लांब नदी आहे, आणि तिच्या काठी ग्रीशा गल्लोगल्ली आहेत. त्यानं दोन्ही हातांनी नाणं परत दिलं. गाडी हलली.

घरी रंभाला सांगितलं तर ती म्हणाली, "अवो मग बरंच की! तुमचं नाव लिवलं त्यानं."

"माजं नाव मला ठावं हाय गं. त्याचं पायजे व्हतं."

पुढच्या रविवारी ते शिरूरला गेले. आनंदरावांनी वही उघडून 'चरे' खोडायला पेन उचललं, तेव्हा म्हाळूंनी हात धरला. "राहू द्या. प्रत बदलत न्हाई त्यानं. फकस्त नकाशा दावा."

गुरुजींनी शाळेचा नकाशा आणून ओसरीवर पसरला. म्हाळूंनी बोट इराणच्या घाटावरून वर नेलं, समुद्राच्या कडेकडेनं, नदीच्या मुखापर्यंत. नदी निळी, बारीक, वाकडीतिकडी वर गेलेली. ते तिच्या काठचं एकेक गाव गुरुजींकडून वाचून घेत होते आणि पुन्हा म्हणून बघत होते. आस्त्राखान. साराटोव्ह. कझान.

"हिकडं रेल्वे हाय का, गुरुजी?"

"आहे ना. मोठी आहे."

"माज्याकडं पास हाय," म्हाळू म्हणाले. "कुटवर चालंल?"

आनंदरावांनी पट्टी घेतली आणि दौंडपासून सरळ रेघेत भारताच्या सरहद्दीपर्यंत ठेवली. म्हाळूंनी पट्टी उचलली आणि सरहद्दीपासून पुढं व्होल्गेपर्यंत ठेवून किती भरतंय ते मोजू लागले.