रुखवतातला पुठ्ठा

शरच्चंद्र सर महाडच्या एका कॉलेजात संगणक शिकवायचे. खोलीत यंत्रं चार, चालायची दोन, आणि वर्गात मुलं बावन्न. खोलीबाहेर चपला काढायच्या, हात धुवून आत यायचं, असा सरांचा नेम. देव्हाऱ्यापाशी जावं तशी मुलं जायची आणि पाच मिनिटांचं दर्शन आटोपून बाहेर यायची.

दर जूनला सर संस्थेकडे अर्ज द्यायचे, निदान दहा यंत्रं तरी द्या म्हणून. २००१ साली चिटणीस म्हणाले, "सर, यंदा प्रवेशद्वाराची कमान बांधायला काढलीय. कमान रस्त्यावरनं दिसते हो. तुमची खोली बघायला कोण येतंय?"

सर वाद घालणारे नव्हते. त्यांनी फळ्यावर कीबोर्ड काढला आणि मुलांना सांगितलं, "घरून पुठ्ठा आणा, हा उतरवून घ्या आणि त्यावर बोटं बसवा. टायपिंग घरी झालं की यंत्रावरची पाच मिनिटं बाकीचं शिकायला राहतील."

पोलादपूरच्या वरच्या वाडीतली तेजश्री. तिचे वडील दत्ताराम यांनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दिला. एवढी जागा फुकट कशाला घालवायची म्हणून तिनं तो काठोकाठ भरून अक्षरं काढली. एसटीत मांडीवर, घरी चुलीपुढं, दोन वर्षं तिची बोटं त्याच्यावर चालली.

"गो, नुसतं टकटक करून भात शिजतोय काय?" आई, बनुबाई, चिडवायची.

"शिजंल गो आये. धीर धर."

शेवटच्या वर्षी पनवेलच्या एका ऑफिसात जागा निघाली. सरांनी स्वतः अर्ज भरला. दत्ताराम सांगायला आले, "सर, लागली तर बरं हाय. नाय तर मार्गशीर्षात लगीन उरकायचं ठरलंय." तिथल्या टायपिंगच्या परीक्षेच्या दिवशी सरांनी वीरेश्वराला नारळ फोडला.

चौथ्या दिवशी तेजश्री वडिलांबरोबर खोलीत आली, पुठ्ठा काखेत धरून.

"सर, बोटं न बघता पडत होती. पण दर वेळी शेजारचंच अक्षर उठत होतं. नापास केलं."

सरांनी तिचा पुठ्ठा यंत्राच्या कीबोर्डाशेजारी ठेवला. कीबोर्ड दोन वीत, पुठ्ठा जवळजवळ तीन. अक्षर न् अक्षर लांब लांब बसलेलं. मापानं काढा, एवढंच सांगायचं सर विसरले होते, आणि यंत्रावर तिनं टायपिंग कधी केलंच नव्हतं.

"माझी चूक झाली," सर म्हणाले.

"नाय सर, तुमचा काय दोष?" दत्ताराम म्हणाले. "पोरीनंच मोठं काढलंन."

त्यांचं ते समजूत घालणं सरांना फार लागलं.

मार्गशीर्षात सर लग्नाला गेले. मांडवात एका बाजूला रुखवत मांडलेलं होतं. भरतकामाचा रुमाल, मण्यांचं तोरण, लोकरीचं बाळकृष्णाचं आसन. त्यांच्या मधोमध बनुबाईंनी तो पुठ्ठा उभा केला होता, कडेला जरीची पट्टी लावून.

नवऱ्याकडच्या बायका वाकून बघत होत्या. "ह्ये काय गो, बनुबाय?"

"आमच्या तेजूला कंप्युटर येतो," बनुबाई सांगत होत्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. सर मुठीत अक्षता धरून तिथंच, पुठ्ठ्यापुढं उभे राहिले.