भीतीचा रकाना

अमेरिकेतल्या केलरटनमध्ये गुरुद्वाऱ्याच्या कमिटीचा सेक्रेटरी म्हणून बख्तावर सिंगला सगळे 'सेक्रेटरी साब' म्हणत. तोही फोन उचलला की आधी "सेक्रेटरी बोलतोय" म्हणायचा, मग पलीकडे बायको का असेना. एकतीस वर्षं त्याने ट्रक हाकला. पाठीचे दोन मणके कामातून गेल्यावर ट्रक विकला आणि गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खोलीत नोकरी धरली. पण मान काही निवृत्त झाली नाही. बोलता बोलता ती मधूनच डावीकडे वळायची, आरशात बघायला. नवीन माणसाला वाटायचं, आपल्या मागे कुणी येऊन उभं राहिलंय की काय. आणि प्रत्येक वाक्याला "गोष्ट अशी आहे" हे इंजिन जोडलेलं. ताटावर बसला तरी, "गोष्ट अशी आहे, भागवाने, डाळीत मीठ नाही."

"गोष्ट अशी आहे, सरदारजी," त्याची बायको रछपाल कौर हुबेहूब त्याच्यासारखी मान वळवून म्हणायची, "मीठ तुमच्या डाव्या हाताला आहे."

हे सगळं फेब्रुवारीच्या आधीचं. त्यानंतर तिने त्याची नक्कल करणं सोडलं.

केलरटनचा गुरुद्वारा म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं दुकान. पुढची भिंत सगळी काचेची, दारही काचेचं. चाळीस-एक घरं, बहुतेक ट्रकवाली. ग्रंथसाहिबाचा पाठ करणारे ग्रंथी भाई मेवा सिंग मागच्या खोलीत एकटे राहत. ते इतकं हळू बोलत की त्यांनी विचारलेला प्रश्न निम्म्या लोकांना आशीर्वाद वाटायचा. रविवारी लंगराला शे-सव्वाशे माणसं असत. बुधवारचा लंगर मात्र रछपालचा एकटीचा. सकाळी आठला यायची, डाळ चढवायची, पीठ मळायची. दाराला कुलूप नसायचं. येईल तो जेवेल.

त्या बुधवारी साडेनऊला दारातून दोन गोळ्या आत आल्या. एक जोड्यांच्या फळीत रुतली, दुसरी भिंतीत. बाहेर पिकअप गाडी होती, ती निघून गेली. भाईजी तेव्हा पाठीच्या औषधाला गेले होते. रछपाल पिठाच्या टेबलाखाली चाळीस मिनिटं पडून होती. बख्तावर पोचला तेव्हा ती तिथेच होती आणि छातीवर धरलेल्या हाताचं पीठ सुकून गेलं होतं. "आधी गॅस बंद करा," एवढंच ती म्हणाली.

शेरीफच्या कचेरीतून डेप्युटी कर्टिस आला. त्याच्या तोंडी प्रत्येक जण 'मिस्टर सिंग'. त्याने हाक मारली की चौघं वळायचे आणि तो चौघांचीही माफी मागायचा. माणूस चांगला होता. गोळ्या पिशवीत घातल्या, काचा मोजल्या आणि जाताना म्हणाला, "मिस्टर सिंग, सरकार तुमच्यासारख्या जागांना पैसे देतं. देवळं, मशिदी, सिनेगॉग, सगळ्यांना. गोळीने न फुटणारं दार, कॅमेरे, गाडी आत घुसू नये म्हणून खांब. अर्ज करा. जागेची पाहणी मी करून देतो."

काच गेली तिथे प्लायवूड ठोकलं. छपराचं काम नुकतंच झालेलं, तेव्हा स्वतःच्या खिशातून नवीन पुढची भिंत उभी करायची ताकद संगतीत, म्हणजे त्या चाळीस घरांत, नव्हती. सरकारी मदत आली तर दार होणार होतं, नाही तर नाही.

रछपाल पुढच्या बुधवारी गेली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी गेली, पण बूट काढून पुढच्या फळीवर ठेवले नाहीत. पिशवीत घालून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ठेवले. बख्तावरने पाहिलं.

"हे काय?"

"मागून पळायची वेळ आली तर अनवाणी किती पळणार मी बर्फात?" ती पिठात पाणी घालत म्हणाली. "आता माझ्या सोबतीला येतात त्या जागीर आणि बलजिंदरनेही ठेवलेत. बघा त्या खुंटीला."

खुंटीला खरंच दोन पिशव्या होत्या. बख्तावरची मान डावीकडे वळली आणि तशीच राहिली.

"दार होईपर्यंत येईन मी कशीबशी," ती म्हणाली. "दार नाही झालं तर मला बोलवू नका."

अर्ज एकवीस पानांचा होता. इंग्रजी लिहिणारा बख्तावरच, म्हणजे ट्रकच्या वहीत 'सकाळी सहाला निघालो, टायर ठीक' लिहायचा ते इंग्रजी. वजनकाट्याच्या खोलीत, मक्याच्या दोन ट्रकांच्या मधल्या वेळात तो एक एक रकाना भरायचा. इमारत किती जुनी, दारं किती, माणसं किती. सगळं जमलं. एका रकान्यापाशी मात्र तीन आठवडे अडला: या धोक्याचा तुमच्या लोकांवर काय परिणाम झाला आहे?

"काय लिहू, भागवाने?"

"जे आहे ते लिहा."

"म्हणजे काय लिहू?"

रछपालने पोळपाट बाजूला केला. "लिहा. रछपाल कौर, वय सत्तावन्न. तिला भीती वाटते. लिहा, आमच्या बायका मागच्या दाराशी बूट ठेवून स्वयंपाक करतात. लिहा, गाडी थांबल्याचा आवाज आला की लाटणं थांबतं. माझं नाव घाला. मला लाज नाही."

त्याने लिहिलं. डेप्युटी कर्टिसला वाचून दाखवलं तेव्हा कर्टिसने टोपी काढून डोकं खाजवलं. "मिस्टर सिंग, ही बुटांची ओळ आहे ना, ही सोडू नका. कचेरीत बसलेल्या माणसाला यावरूनच कळेल."

रविवारी लंगरानंतर कमिटी बसली. प्रधान अजायब सिंगांचे तीन पेट्रोल पंप होते आणि आवाज चौथ्या पंपालाही पुरला असता. बोलण्याआधी दोनदा खाकरायचे आणि "मुद्दा नंबर एक" म्हणायचे. मुद्दा नंबर दोन त्यांच्या आयुष्यात कधी आला नाही.

"मुद्दा नंबर एक," ते म्हणाले, "हे कुणी लिहिलंय?"

"मीच, प्रधानजी. गोष्ट अशी आहे..."

"गोष्ट कशीही असू दे. सिंगांच्या बायका पळायच्या तयारीत असतात, हे सरकारला लिहून द्यायचं? फाईलमध्ये? कायमचं?"

"पण खरं आहे ते."

"खरं तर माझ्या पोटात गॅस होतो हेही आहे. ते लिहू का?"

सगळे हसले. खजिनदार सर्वात मोठ्याने हसला, कारण तो त्यांच्याच पंपावर कामाला होता.

"रोज सकाळी पाठ करतो आपण," अजायब सिंग पुढे म्हणाले. "पहिल्याच ओळीत काय येतं? देवाला भय नाही. मग त्याच्या घरात बसून आम्ही अर्ज लिहायचा, साहेब, आम्हाला भय वाटतं, पैसे द्या?"

भाई मेवा सिंग काहीतरी बोलले. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी परत म्हटलं, "मी दिवा लावून झोपतो हल्ली."

"भाईजी, तुम्ही पाठाचं बघा. अर्ज आमच्यावर सोडा." मग प्रधानजी बख्तावरकडे वळले आणि त्यांनी आवाज खाली आणला. तो खाली आला की जास्त महाग पडायचा. "बख्तावरा, तू एकतीस वर्षं पगडी बांधून हा देश आडवातिडवा फिरलास. रात्री-बेरात्री, कुठल्या कुठल्या तळांवर झोपलास. कधी भ्यालास?"

एकतीस वर्षं बख्तावर उशीखाली चाक खोलायचा पाना ठेवून झोपला होता. पाच माणसं त्याच्याकडे बघत होती. आपल्याबद्दल असं कुणी विचारावं याची त्याला कधीची भूक होती, हे त्यालाही तेव्हाच कळलं.

"नाही," तो म्हणाला.

"बस. तेच लिही."

त्याने खिशातलं पेन काढलं आणि रछपालच्या ओळींवर आडवी रेघ मारली. घरी येऊन नवीन मजकूर टाईप केला. तो त्याला आवडलाही. आमच्या समाजाला कुणाचं भय नाही. आमचं दार चारी दिशांच्या माणसांसाठी उघडं आहे. ज्याने गोळी झाडली तो आला तर त्यालाही आम्ही जेवू घालू. अशा प्रसंगांनी आमच्या नित्यक्रमात फरक पडलेला नाही.

रछपालने विचारलं, "गेला का अर्ज?"

"गेला."

"सगळं लिहिलंत?"

"सगळं."

उन्हाळाभर ती बुधवारी जात राहिली. जागीर आणि बलजिंदर एक-दोनदा आल्या, मग त्यांच्या सुनांनी त्यांना पाठवणं बंद केलं. रविवारी सव्वाशेची साठ माणसं झाली. "दार येतंय, दार येतंय," बख्तावर सगळ्यांना सांगत फिरायचा, जणू दार रस्त्यात आहे आणि टोलनाक्यावर थांबलंय.

ऑगस्टअखेर पत्र आलं. अर्ज मंजूर होऊ शकला नाही. खाली फोन नंबर होता. त्याने काट्याच्या खोलीतून फोन लावला. पलीकडची बाई अशी बोलत होती, जणू त्याला ताप आलाय आणि ती कपाळावर पट्टी ठेवतेय.

"मी बघते हं, बाळा. हां, सापडला. तुमची जागा, दारं, पाहणी, सगळ्याला चांगले गुण आहेत. तुम्ही कमी पडलात ते परिणामाच्या रकान्यात."

"म्हणजे कसं, मॅडम?"

"इथे शेरा आहे. वाचते हं. 'नित्यक्रमात फरक पडलेला नाही असं अर्जदार स्वतःच सांगतो.' बाळा, ज्यांच्यात फरक पडलाय अशांचेच इतके अर्ज असतात की सगळ्यांना पुरत नाही."

"आमच्यात पडलाय, मॅडम."

"मग लिहायचं होतं ना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच वाईट वाटलं होतं तिला. "पुढच्या वर्षी करा परत. योजना राहिली तर."

खिडकीबाहेर मक्याचा ट्रक काट्यावर येऊन उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बख्तावरने त्याचं वजन चुकीचं लिहिलं, मग खोडलं, मग परत चुकीचं लिहिलं.

रछपालला त्याने जेवण झाल्यावर सांगितलं. तिने भांडी तशीच ठेवली.

"बुटांचं वाचून पण नाही म्हणाले?"

त्याची मान डावीकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या वाक्याला इंजिन सापडेना.

"खोडलंत."

"कमिटीने..."

"पेन कुणाचं होतं?"

"माझं."

तिने मान हलवली. ती रागावली असती, ताटं आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चाळीस मिनिटं पडून होते मी तिथे. तुम्ही ती एका रेघेत काढून टाकलीत." आणि उठून भांडी घासायला लागली.

त्यानंतरच्या बुधवारी ती गेली नाही. पुढे कधीच गेली नाही, रविवारीसुद्धा नाही. घरीच खिडकीचे पडदे ओढून पाठ करायची. बख्तावरशी बोलायची, पण मीठ-मिरचीपुरतंच.

मग पटापट होत गेलं. ऑक्टोबरमध्ये भाई मेवा सिंगांची मुलगी कॅलिफोर्नियाहून आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना ते बख्तावरच्या कानाशी काही बोलले आणि या खेपेला त्याला नीट ऐकू आलं: "माफ कर, मी थकलो." प्रधानजी सत्तर मैलांवरच्या शहरातल्या मोठ्या गुरुद्वाऱ्यात जाऊ लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मुद्दा नंबर एक, तिथे पार्किंग चांगलं आहे." खजिनदार त्यांच्याच गाडीतून जायचा. रविवारी आता सात-आठ म्हातारी माणसं उरली.

ग्रंथसाहिबाजवळ रोज कुणीतरी हवं. म्हणून बख्तावरच पहाटे जाऊन प्रकाश करायचा, म्हणजे पोथी उघडायचा, थोडा पाठ करायचा, डाळीचं लहान पातेलं चढवायचा आणि काम सुटल्यावर संध्याकाळी परत येऊन पोथी मिटायचा. प्लायवूडच्या दाराला त्याने आतून साखळी आणि कुलूप लावलं. ते लावताना स्वतःला सांगितलं की हे वाऱ्यासाठी आहे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी सातच्या सुमाराला दार वाजलं.

दोनदा, हलकेच. बख्तावर पाठ करत होता. त्याची जीभ जागच्या जागी थांबली. प्लायवूडमधून दिसायला काही नव्हतं. परत वाजलं, तीनदा. मग कुणीतरी खोकलं. पावलं खडीवरून बाजूच्या भिंतीकडे गेली, खिडकीपाशी थांबली, परत दाराशी आली. बख्तावर उठला होता, पण दाराकडे गेला नव्हता. तो स्वयंपाकघरात टेबलाखाली बसला होता, गुडघे छातीशी घेऊन, मणके ठणकत असताना. हात तोंडावर होता.

बाहेरच्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली. मग पावलं लांब गेली आणि एक इंजिन सुरू झालं. पिकअपचं नव्हतं. ब्रेकमधून हवा सुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ रिकाम्या ट्रेलरचा खडखडाट. हा आवाज बख्तावर झोपेतही ओळखला असता. मोठा ट्रक, रात्रभर चालून आलेला. ट्रकवाल्याला डाळीचा वास बाहेरपर्यंत आला असणार.

पळत जाऊन दार उघडलं असतं तर तो अजून फाटकापाशी सापडला असता. बख्तावर टेबलाखालून निघाला नाही. ट्रक महामार्गाला लागला, गियर बदलत बदलत तिसऱ्यावर, चौथ्यावर गेला, आणि ऐकू येईनासा झाला.

बऱ्याच वेळाने तो उठला. अर्धवट राहिलेला पाठ पुरा केला, पोथी रुमालात नीट गुंडाळली आणि प्रधानजींना फोन लावला.

"ग्रंथसाहिब महाराजांची स्वारी शहरात न्यायची सोय करा," तो म्हणाला. "इथे आता ठेवता यायची नाही."

तिकडून दोनदा खाकरल्याचा आवाज आला. "मुद्दा नंबर एक, संगतीला काय सांगायचं? लोक विचारतील, का बंद केलं."

"सांगा, एक भुकेला माणूस दारात आला आणि सेक्रेटरी टेबलाखाली लपला. त्याला भीती वाटते. लेखी हवं असेल तर लेखी देतो."

पलीकडे पेट्रोल पंपावर कुणीतरी नोटेचे सुटे मागत होतं. प्रधानजी पुन्हा एकदा खाकरले. मग त्यांनी विचारलं, गाडी कुणाची घ्यायची.