चोरओटी आणि पंधराशे मीटर

कर्जत स्टेशनावर आई आली होती, पण माझ्याशी बोलायला नव्हे. तिने ह्यांच्या हातात तांदळाचं गाठोडं दिलं, पापडांचा डबा दिला आणि मग माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "ह्याला काय झालं, तर मला तोंड दावू नको." मला चौथा महिना होता. कल्याणला आणि मग खंडव्याला गाडी बदलून इंदूर गाठायचं होतं. पहिल्याच गाडीत मी रडायला लागले. हे समजूत घालू लागले, पण मला दुःख झालंच नव्हतं. संताप आला होता.

माझ्या माहेरच्या, कळंबच्या तुम्ही सगळ्यांनी ती गोष्ट तेव्हा आपापल्या परीने ऐकली, एकमेकींना सांगितली. आता एकदा माझ्या तोंडून ऐका.

लग्नानंतर आम्ही चौक गावात राहायचो. हे तिथल्या गॅरेजात मेकॅनिक. शाळेपासून मला पळायचं वेड, ते लग्नानंतरही गेलं नाही. पहाटे हायवेवर ट्रक वाढायच्या आत मी सलवार खोचून पळायची आणि हे सायकलवरून मागे यायचे. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या एका खात्याने खेळाडू मुलींची भरती काढली. खोपोलीच्या मैदानावर पंधराशे मीटरची शर्यत, पहिल्या तिघींना इंदूरला कारकुनाची जागा. कायमची सरकारी नोकरी! शर्यतीच्या यादीत माझं नाव लागलं आणि त्याच आठवड्यात कळलं की मला दिवस गेलेत.

मी तडक कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "रोज पळतेस ना? मग पळ. पळताना बोलता येईना झालं की वेग कमी कर. पोटात दुखलं किंवा अंगावर गेलं तर थांबायचं आणि सरळ माझ्याकडे यायचं." एवढं साधं. तेव्हापासून मी पाढे म्हणत पळू लागले. सतराचा पाढा अडला की वेग कमी करायचा, असा माझा हिशोब. हे सायकलवरून चुका काढायचे.

मूर्खपणा केला तो पुढे. आईला सांगितलं. दोन्ही सांगितलं, दिवस गेल्याचंही आणि शर्यतीचंही.

शर्यतीला आठवडा उरला असताना आईने चोरओटी भरायला कळंबला बोलावलं. चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरायची ओटी. घरातल्या दोघी-तिघी सोडून कुणाला कळू द्यायची नाही, म्हणून तर तिचं नाव तसं. मी दारात पाऊल टाकलं तर पडवीत पाच घरच्या बायका बसलेल्या, वर पोरंटोरं. आईने सगळ्यांदेखत खणानारळाने ओटी भरली आणि मोठ्याने म्हणाली, "आता सगळ्यांनी हिच्यावर ध्यान ठेवा गं."

आणि ठेवलंत की तुम्ही! परतताना एसटीच्या कंडक्टरने मला पुढच्या सीटवर बसवून दम भरला. चौकच्या बायका पहाटे रस्त्यात आडव्या येऊन उभ्या राहायच्या. "पोटुशी बाई पळती व्हय गं?" गॅरेजात ड्रायव्हर ह्यांना बायको आवरता येत नाही म्हणून टोमणे मारू लागले. बिचारे हेही घाबरले. चौथ्या दिवशी त्यांनी सायकल बाहेर काढली नाही.

माझं डोकं फिरायचं ते वेगळ्याच गोष्टीने. याच बायका सातव्या-आठव्या महिन्यात लावणीला दिवसभर चिखलात वाकलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तेव्हा कुणी कुणाला अडवलं नाही. शेतात राबलेलं चालतं, आणि मी माझ्या मर्जीने पाच-सहा मिनिटं पळणार तर गाव जमा होतं. हे आईला विचारलं तर म्हणाली, "ते काम हाय. ह्यो माज हाय."

मी पळाले. ह्यांनाच खोपोलीला घेऊन गेले. नऊ मुली होत्या. पहिले तीन फेरे मी स्वतःला आवरून धरलं, पाढा चालू होता, शेजारची मुलगी वेडी समजून लांब सरकली. शेवटच्या दोनशे मीटरला पाढाबिढा राहिला नाही, खोटं कशाला बोलू? तिसरी आले. संपल्यावर पहिलं काय केलं, तर घाबरत घाबरत पोटावर हात ठेवला. आईने तेवढी भीती घातलीच होती.

मुलगी इंदूरला झाली, सव्वासात पौंडांची, ठणठणीत. इथे शेजारच्या जीजींनी पोहे-जलेबी वाटली. कळंबहून पत्र आलं की हे सगळं आईने बोललेल्या नवसामुळे. पुढे पोरीला गोवर आला, तर तो मात्र माझ्या पळण्यामुळे. चांगलं झालं की देवाने, वाईट झालं की मी. दहा वर्षं दर मे महिन्यात मी गावी येत राहिले, आणि तोंडावर शर्यतीचं नाव एकदाही कुणी काढलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात आई आणि मी अंगणात पापड वाळत घालत होतो आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "चोरओटीला गाव का गोळा केलंस ते एकदा सांगून टाक."

ती पापड पसरतच राहिली. मग म्हणाली, "तुज्या आधीची दोन गेली माजी. लावणीतच. पोटात दुकाया लागलं तरी कुनी बस म्हनलं नाय. म्हनून मी पाच घरं बोलावली. माजं एकटीचं तू ऐकलं नसतंस."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"पोटुशी पोरीला आसलं सांगत्यात व्हय?"

जे ऐकून मी तिला जवळ घेतलं असतं, ते तिने रीतीपायी पोटात ठेवलं आणि दहा वर्षं दोघी कुढत बसलो. मला तिचं वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. राग अजून गेलेला नाही.

मी उठत होते, तेवढ्यात तिने विचारलं, "कितवी आली व्हतीस गं तवा?"

"तिसरी."

"तिसरीच?"

इंदूरला अजूनही लोक विचारतात, "आपका घर कहाँ है?" इथे क्वार्टर आहे, रेशनकार्ड आहे, पोरीची शाळा आहे. तरी मी कळंब सांगते. मला 'तिसरीच?' म्हणायचा हक्क आणखी कुठल्या गावाला आहे?