महागलेला पाळणा

लग्न होऊन मी रिठदला आले, त्याच हिवाळ्यात सासूने मला शेजारच्या गावची जत्रा दाखवली. सासऱ्यांनी बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरातलं कुणी देवळाची पायरी चढत नव्हतं. पण जत्रा सासूने सोडली नाही. कुणी बोललंच तर म्हणायची, "देव त्याइचा, जत्रा सगळ्याइची." मग ती देवळाकडे पाठ करून आकाशपाळण्यासमोर उभी राहायची आणि मान वर करून बघत बसायची. स्वतः मात्र कधी चढली नव्हती. विधवा बाई पाळण्यात बसली तर लोक काय म्हणतील, ही एक भीती. पडण्याची दुसरी.

त्या वर्षी मी आणि माझा नवरा बसलो. एका झोपाळ्यात दोघंच, खाली लाल रेक्झिनची गादी. पाळणेवाला मध्यम वयाचा, डोक्याला रुमाल बांधलेला मुसलमान माणूस होता, कामरगावचा. फेऱ्या झाल्या की तो खालून ओरडायचा, "और?" वरचे सगळे ओरडायचे, "और!" आणि पाळणा आणखी फिरायचा. उतरले तेव्हा माझं हसू थांबत नव्हतं.

परतताना गाडीत सासूने विचारलं, "वरतून काय दिसते व?"

"सगळी जत्रा दिसते. आपलं गावबी दिसते, आत्याबाई."

तिने मागे वळून लांबच्या पाळण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढच्या साली मी बसतो."

पुढच्या साली दुष्काळ पडला. जत्रा कुठलीच भरली नाही. आम्ही दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. उन्हात हात थांबवून ती मधूनच विचारायची, वर गेल्यावर पोटात कसं होतं, वारा लागतो का, डोळे उघडे ठेवता येतात का, आपल्या गावचा पिंपळ दिसतो का. मी दर वेळी सगळं पुन्हा सांगायची.

पाऊसपाणी झालं, जत्रा पुन्हा भरली. सासूने धुतलेलं लुगडं नेसलं आणि सरळ पाळण्याकडे निघाली. पाळणा तोच होता, पण रया गेलेली. रंग उडाला होता, गाद्यांच्या जागी नुसत्या फळ्या होत्या. तिकीट दुप्पट. दोघांच्या झोपाळ्यात चौघांना कोंबत होते. आमच्यासमोर दोन अनोळखी बाया गुडघ्याला गुडघे लावून बसल्या.

पाळणा उचलला तशी सासूने डोळे घट्ट मिटले. "आत्याबाई, पाहा ना," मी म्हणत होते. "थांब जराशी, जीव थाऱ्यावर येऊ दे," ती म्हणत होती. शेवटी तिने डोळे उघडले, तेव्हा आम्ही खाली आलो होतो आणि इंजिन बंद झालं होतं. "और?" असं कुणी विचारलं नाही.

त्या दोन बाया कुरकुरत उतरल्या. सासू मात्र दांडी धरून बसून राहिली.

"उतरा ना, माय," पाळणेवाला म्हणाला.

"काहून उतरू? माहे डोये आत्ता उघडले. पयले किती फिरवत होते तुमी! पैसे दुप्पट अन् फेऱ्या निम्म्या?"

रांगेतले लोक ओरडायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, तो आता हात धरून तिला उतरवेल. त्याने रुमाल काढून तोंड पुसलं. "खरं हाय, माय," तो म्हणाला. "पण डिझेल लय महाग झालं. अन् तेबी भेटत नाई. मी जास्त फिरवलं तं उद्या इंजिनच बंद राहीन."

तो भांडला असता तर ती हलली नसती. त्याने कबूल केलं, म्हणून ती उतरली. पण राग गेला नव्हता. पाळण्यामागे त्यांची राहुटी होती, तिथे त्याची बायको फाटकी रेक्झिन शिवत बसली होती. सासू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मनातलं सगळं बोलून मोकळी झाली. बाईने ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाली, "बसा. लोकं रोज हेच बोलतात. दुष्काळात जत्रा नव्हत्या, तवा दुसरा लहान पाळणा विकून खाल्ला. हाच राह्यला."

सासू पाणी प्यायली. मग खाली बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमी तं रोजच बसत असान?"

"मी?" बाई हसली. "एक डावबी नाई. भेव वाटते मले."

दुपारी जेवायच्या वेळेला गर्दी ओसरली. बाईने नवऱ्याला काहीतरी सांगितलं असावं. त्याने इंजिनाला हात लावला नाही. त्याचे दोन गडी पाळण्याच्या आऱ्यांवर चढले आणि अंगाचं वजन टाकत त्याला फिरवू लागले, हळूहळू, डिझेलशिवाय. झोपाळ्यात सासू आणि ती बाई, दोघीच. पहिल्या फेरीला दोघी किंचाळल्या. दुसऱ्या फेरीला वरून सासूचा आवाज आला, "दिसलं व पोरी! पिंपय दिसला आपला!" खाली उभा पाळणेवाला रुमाल हलवून ओरडला, "और?"

मला हसताना रडू आलं.

पुढच्या जत्रेत नवा, उंच पाळणा होता. तिकीट आणखी चढलेलं, कर्ण्यावर गाणी, फेऱ्या आणखी कमी. सासूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, राहुट्यांमधून त्या दोघांना शोधत फिरली. एक कासार कामरगावचा निघाला. तो म्हणाला, त्यांनी पाळणा विकला, आता पाळणेवाला बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करतो. बायको खुशाल आहे.

सासूने त्याच्याकडच्या हिरव्या बांगड्या निवडल्या.

"माप काय?" कासाराने विचारलं.

"माह्याच हाताएवढा हात हाय तिचा," सासू म्हणाली आणि मनगट पुढे केलं. त्याने माप घेतलं, बांगड्या कागदात बांधल्या. तिने नाव सांगितलं नाही. "पाळण्यातल्या बाईनं धाडल्या म्हणा," एवढंच म्हणाली.