घाटीवर बंद पडणारी गाडी

आमच्या जुन्या गाडीत मी आजवर निदान पाच इंजिनं बसवली आहेत. सगळी जेवण झाल्यावर, उष्ट्या हातांनी. बांगड्याचं तिखलं संपलं तरी आमच्या घरात हात धुवायला कोणी लगेच उठत नाही. बोटं सुकेपर्यंत बोलत बसायचं, ही वहिवाटच आहे. त्या सुकत्या बोटांनी मी बॉनेट उघडतो, जुनं इंजिन काढून फेकतो आणि जागेवर असलं काही टर्बो बसवतो की गाडी मालवणातून निघाली ती कणकवलीलाच दिसावी. प्रत्यक्षात मला त्या बॉनेटखाली वायपरचं पाणी कुठे घालायचं एवढंच कळतं. तेही मी एकदा भलत्याच ठिकाणी घातलं होतं.

गाडी लहानशी, मागे डिकीचं दार असलेली; मुलं मांडीवर मावत होती तेव्हा घेतलेली. खाऱ्या वाऱ्याने दारांचा खालचा पत्रा खाऊन टाकला आहे. मागची एक काच वर जात नाही, दुसरी खाली येत नाही. पण माझी आई या गाडीला गाडी म्हणते आणि बाकी जगातल्या गाड्यांना 'ती वाहनां'.

यंदा आमच्या जेवणानंतरच्या इंजिनबदलाला खरंच कारण मिळालं. आईचं माहेर नांदगावच्या आत, डोंगराच्या उतारावर. जत्रेला जाऊन तिथल्या देवीची ओटी भरायची, हे तिने लग्नापासून चुकवलेलं नाही. गावात शिरताना शेवटी एक घाटी लागते, म्हणजे नुसता उभा चढाव. दरवर्षी घाटीच्या तळाशी आई सोडून आम्ही सगळे उतरतो. आई पुढच्या सीटवर ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहते आणि मी देवाचं नाव घेऊन पहिला गिअर टाकतो. अर्ध्यावर गाडी बंद पडतेच. पण गेल्या वर्षी ती उलटी घरंगळू लागली, आणि आता गॅरेजवाल्याने हात वर केले होते.

"ह्या इंजिन आता घाटी चढाचा नाय," तो म्हणाला. "सपाटीर फिरवा, बाजारात न्हेवा."

आईचे गुडघे पायी चढू देणार नव्हते. ती रोज विचारायची, "गाडी चढतली मां रे?"

"माझी न्हेवा," एका रात्री जेवायला आलेला माझा मेव्हणा म्हणाला. तो देवबागला राहतो, पर्यटकांना होडीतून फिरवतो, आणि त्याची नवी गाडी आमच्या पडवीपेक्षा मोठी आहे.

"दुसऱ्याच्या गाडयेत बसान म्हायेराक जाव?" आई म्हणाली. "माका नाय जमाचा."

मग त्या रात्री ताटांवरच इंजिनं निघाली. मी म्हटलं, पॉवर टिलरचं बसवू. चिखलात चालतं ते घाटी काय, भिंत चढेल. मेव्हण्याला ते पटलं नाही.

"भावोजी, माझ्या व्हडयेचा इंजिन लावया. मागे डिकयेक. घाटी तर चढतलीच, शिवाय खाडीतसून सरळ देवबागाक येवा."

"आणि पंखा रस्त्यावर फिरवू?"

"माड लावलेले आसत मां दोनय बाजूक? शहाळी तासून पडतली."

माझी बायको पाणी वाढत होती. "इंजिन रवांदेत," ती म्हणाली. "पयला ह्यांचा डोक्या बदला. बरा जुना गावला तरी चलात."

यातलं 'जुना' तेवढं माझ्या कामी आलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ह्याच गाडीचं, कमी चाललेलं इंजिन कोल्हापुरात भंगारवाल्याकडे मिळतं. आलं, बसलं. माझं स्वप्नातलं टर्बो नव्हतंच. होतं तेच इंजिन, फक्त तरुण. चावी फिरवली तर गाडी सुरू झाली की नाही हे कळेना. मी पुन्हा फिरवली, तेव्हा ती किंचाळली, म्हणजे आधीच सुरू होती.

जत्रेच्या दिवशी घाटीच्या तळाशी सवयीने सगळे उतरायला लागले. मी रुबाबात म्हणालो, "बसा." आणि पहिल्या गिअरमध्ये, सगळ्या बिऱ्हाडासकट, गाडी मांजरासारखी वर गेली. मी आरशात बायकोकडे बघितलं. तिनेही मान डोलावली, आणि ती सहसा डोलावत नाही.

वर मामाच्या घरापुढच्या खळ्यात गाडी थांबली. खळं रिकामं होतं. कोंबडी तेवढी बाजूला झाली. मामा, आईचा धाकटा भाऊ, पडवीत आरशासमोर बसून दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण.

"अगो बाय, कधी इलंस तू?" तो उठला. "गाडयेचो आवाज नाय तो! वड्यांचा तेल पण आजून तापाक नाय."

मी उतरून आईचं दार उघडलं. आई उतरेना. पिशवी घट्ट धरून समोर बघत बसली.

"गुडघो दुखता काय?"

"गाडी खाली घे."

"कित्याक गो?"

"घे म्हणतंय मां!"

आणि मग माझ्या मंद डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं आमची गाडी खालून खोकत यायची. तो खोकला ऐकून मामी कढई चुलीवर ठेवायची आणि मामा चाकामागे लावायचा धोंडा घेऊन घाटी उतरत धावत सुटायचा. त्याच्यामागे अख्खी वाडी. कोणी डिकीला हात लावी, कोणी आईच्या खिडकीशी चालत तिची खबर घेई. अशी आई माहेरी शिरायची. इंजिन बदलून मी ते थांबवलं होतं.

मी गाडी अर्ध्या घाटीपर्यंत मागे नेली. इंजिन बंद केलं, हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

वरून मामा आला. अर्ध्या गालावर साबण तसाच, हातात धोंडा. मामाने आम्हाला नुकतंच खळ्यात पाहिलं होतं, पण चेहऱ्यावर ते अजिबात नव्हतं.

"इलंस गो बाय! पडली मां बंद? पडतलीच. गाडी ती काय!"

"काय करतलंय रे," आई माझ्याकडे बोट करून खिडकीतून म्हणाली. "झिलाक सांगान सांगान दमलंय."

त्याने धोंडा चाकामागे ठेवला. हॉर्न ऐकून वाडी जमली. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी इतकी हळू सोडली की डिकीवरचे हात नुसते टेकलेले राहिले. तरी सगळे "हुय्या" करून ओरडत होते, आणि मागच्या काचेवर मामाच्या पंजाचा साबण उमटला होता. आई खिडकीतून सगळ्यांची नावं घेऊन विचारपूस करत माहेरी शिरली.

त्यानंतर एकदा देवबागहून मेव्हणा जेवायला आला. हात सुकत होते. तो म्हणाला, "भावोजी, एक मोठा इंजिन बघून ठेवलंय." मी काही बोलायच्या आत आईच बोलली.

"कसलाय लावा," ती म्हणाली. "पण घाटयेर बंद पडाक व्हया."