रायगोंडाचं शेवाळ

रायगोंडा पाटील सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई होता आणि कडक जैन घरातला होता. या दोन गोष्टी एका माणसात कुणी कोंबल्या, देव जाणे! पावसाळ्यात आई त्याला बोटाला धरून शेवाळ टाळत चालवायची. चिमूटभर शेवाळात अनंत जीव असतात, म्हणायची. आणि पोटासाठी पठ्ठ्याच्या वाट्याला आलं काय, तर शेवाळच.

त्याच प्रयोगशाळेतल्या चिंतामण सरांनी नीलहरित शेवाळात दुसऱ्याच जिवाणूचं जनुक घातलं होतं. उन्हावर जगायचं आणि मोटारीत घालायला अल्कोहोल द्यायचं, असं ते शेवाळ. सात बाटल्या होत्या. त्या रोज हलवायच्या, दर दहा दिवसांनी नव्या पाण्यात लावायच्या. चार वर्षं रायगोंडा ना यात्रेला गेला, ना धड आजारी पडला. जुनं शेवाळ वाफेच्या कुकरात मारायचं काम तेवढं सर स्वतः करायचे. त्या वेळी याला चहा आणायला पाठवायचे. भला माणूस!

नव्याण्णव साली हा भला माणूस परदेशी निघून गेला. जाताना म्हणाला, "प्रकल्प बंद. हे बदललेलं शेवाळ प्रयोगशाळेबाहेर न्यायचं नाही, गटारात, नदीत कुठं सांडायचं नाही. कुकरात घाल आणि मोकळा हो."

मोकळा म्हणे! कवठे महांकाळच्या शाळेत रायगोंडाची नेमणूक झाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. घर तिथंच. आईची दृष्टी गेलेली, बघायला दुसरं कुणी नाही. बाटल्या तशाच टाकून जावं तर सुकून मरणार, ते पापही याच्याच माथी. गडी पुरता कात्रीत सापडला.

शनिवारी णमोकार मंत्र म्हणत त्यानं सहा बाटल्या कुकरात ठेवल्या आणि गॅस पेटवला. वाफ सुटली तसा तो मंत्र आणखी मोठ्यानं म्हणू लागला. सातवी खिडकीत उन्हाला हिरवीगार होती. तिला हात लावायचं धाडस काही झालं नाही. सोमवारीही झालं नाही.

सोमवारी दुपारी त्यानं आईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि तिला बोलावून घेतलं.

"आई, मला न्हाई येता येत. एक बाटली राहिलीया."

आईनं विचारलं, त्यात जीव किती.

"तूच सांगितलंयस की. अनंत."

"व्हय," आई म्हणाली. "आन् हितं मी एकटीच हाय रं."

रायगोंडानं फोन कानाशी धरूनच घड्याळाकडं पाहिलं. बाटली हलवायची वेळ झाली होती.