डोलकाठीचा दुसरा माणूस

माझ्या मित्राने निवृत्तीनंतर स्वतःच्या अंगणात शिडाची होडी बांधली. आम्ही दोघं रत्नागिरीतल्या एकाच शाळेत नोकरीला होतो, तो सुतारकाम शिकवायचा आणि मी भूगोल. होडी बांधताना फळ्या धरायला मी होतो, त्यामुळे ती थोडीशी माझीही आहे असं मी मनात धरून चाललो होतो.

होडी प्लायवूड आणि सागवानाची, जेमतेम दोघं बसतील एवढी. पावसाळा सरला की दर रविवारी गाड्यावर घालून आम्ही ती भाट्याच्या खाडीवर न्यायचो. वाटेत विजेच्या तारा, म्हणून डोलकाठी आडवी झोपवून न्यावी लागे आणि काठावर गेल्यावर उभी करावी लागे. काठीच्या बुंध्यात बोल्ट होता, त्याच्यावर ती बिजागरीसारखी फिरे. तो पुढच्या टोकाला उभा राहून दोर ओढायचा. पण आडव्या काठीला पुढून कितीही ओढलं तरी ती जागची उठत नाही. पहिली उचल मी द्यायचो. मागे उभं राहून काठी खांद्यावर घ्यायची आणि एकेक पाऊल पुढे सरकत तिला वर ढकलायचं.

"आली, आली! सोडू नको रे!" तो ओरडायचा.

माझी बायको नातवाला सांभाळायला पुण्याला मुलीकडे असते. घरी मी एकटाच. आठवडाभर मी त्या ओरडण्याची वाट बघायचो. मी नसलो तर होडी काठावरून हलणार नाही, याचा मला मोठा अभिमान होता.

दिवाळीनंतर एका लग्नासाठी मी खेडला गेलो आणि एक रविवार चुकला. पुढच्या रविवारी खाडीवर पोचलो तर काठी आधीच उभी. माझ्या जागेवर वहिनी बसलेल्या, मित्राची बायको. अंगात नारिंगी जाकीट, पदर कमरेला खोचलेला.

"ये, ये! बघ काय केलंय," मित्र म्हणाला. त्याने काठी मुद्दाम खाली घेऊन दाखवली. होडीच्या दोन्ही कडांना दोन बांबू टेकवून त्यांची वरची टोकं एकत्र बांधली होती, उघडलेल्या कैचीसारखी. काठीचा दोर या कैचीच्या शेंड्यावरून पुढे कप्पीत जात होता. दोराला उंची मिळाल्यामुळे काठी आडवी असतानाच उचलली जात होती. कप्पी मिरकरवाडा बंदरातून आणलेली, जुनीच, पण तेल घालून गुळगुळीत केलेली. त्याने एका हाताने दोर ओढला आणि काठी उठून बसली.

"आता तुझ्या खांद्याला त्रास नाही," तो म्हणाला.

मी कधी तक्रार केली होती? "छान आहे," एवढंच म्हणालो. ती दोघं निघून गेली आणि मी काठावर रिकाम्या गाड्याजवळ उभा राहिलो. दोन बांबूंचा आणि एका कप्पीचा मला इतका राग येईल असं वाटलं नव्हतं. वहिनींचा तर त्याहून जास्त. त्यांच्या हसण्याचा आवाज पाण्यावरून येत होता.

तरी पुढच्या रविवारी मी गेलोच. त्या दिवशी वारा आडवा होता. काठी अर्ध्यावर आली आणि एका बाजूला कलली. बांबू करकरले. वहिनी पटकन वाकल्या म्हणून वाचल्या. खोटं कशाला सांगू, एक क्षण मला बरं वाटलं. मग मी पाण्यात शिरून काठी धरली.

"काठीला दोन्हीकडून धरणारे बाजूचे दोर ढिले पडतात," मी म्हणालो. "काठी पूर्ण उभी होईपर्यंत ते ताणलेच जात नाहीत. मधल्या वेळात ती माझ्या खांद्यावर असायची, म्हणून तुला कळलं नाही."

"मग काय करायचं?"

"दोर बांधायच्या कड्या बोल्टच्या रेषेत घे, तेवढ्याच उंचीवर. म्हणजे काठी आडवी असो की उभी, दोर सारखाच ताठ राहील."

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी कडांवर दोन बुटके खुंटे बसवले आणि त्यांना कड्या ठोकल्या. भोकं मीच पाडली. आता वाऱ्यातही काठी सरळ वर जाऊ लागली. आपलीच जागा आपण खिळे ठोकून बंद करतोय, असं वाटत होतं.

काम झाल्यावर वहिनींनी चहा आणला. "भाऊजी, रागावलात ना माझ्यावर?"

"छे, छे."

"मला कळतं हो. तीन वर्षं रविवारी सकाळी तुमची हाक आली की माझं डोकं फिरायचं. एकदा तरी मला विचारतील, म्हणून वाट बघायची. पण काठी उचलायची माझ्यात ताकद नाही म्हणून हे तुम्हालाच न्यायचे."

मित्र खाली मान घालून कानस पुसत बसला.

"एक रविवार तुमचा, एक माझा," वहिनींनीच ठरवून टाकलं.

ठरलं म्हणून काही माझी जळजळ गेली नाही. त्यांच्या रविवारी मी मुद्दाम बाजाराचं काम काढतो आणि तरी भाट्याच्या पुलावरून जाताना शीड शोधतो. एकदा दिसलं, तर सुकाणूवर वहिनी. तीन वर्षांत माझ्या हातात फक्त शिडाचा दोर आला होता.

माझ्या रविवारी मी विषय काढला. "मला कधी सुकाणू दिलं नाहीस."

"तू कधी मागितलंस?"

"मग दे आता."

त्याने दिलं. मी नको त्या बाजूला ढकललं, होडी गरकन वळली आणि शीड फडफडायला लागलं.

"ती पहिल्या दिवशी याहून बरी चालवत होती," तो म्हणाला.

"वहिनींचं नाव काढू नको," मी म्हणालो आणि दात आवळून सुकाणू पुन्हा सरळ धरलं.